रशियाच्या कालरेषेवर पहिला खिळा कुठे मारायचा? ८६२ की आणखी कुठे?

कालरेषा
रशियाच्या इतिहासाची मराठीत कालरेषा करायची झाली तर पहिल्या ओळीवरच गाडं अडतं. नेहमीचं उत्तर ८६२. उत्तरेकडच्या स्लाव आणि फिन टोळ्यांनी समुद्रापलीकडच्या वर्याग लोकांना निरोप धाडला, 'आमची भूमी मोठी आणि संपन्न आहे, पण तिच्यात घडी बसलेली नाही. या, आमच्यावर राज्य करा', आणि रुरिक दोन भावांसह आला, असं कीव्हमध्ये लिहिलेलं बाराव्या शतकातलं इतिवृत्त सांगतं. हेच साल धरून १८६२ मध्ये नोव्हगोरोदला 'रशियाची सहस्राब्दी' हे स्मारक उभं राहिलं. २०१२ मध्ये रशियन राज्याची ११५० वर्षं सरकारी इतमामात साजरी झाली.

पण यादी करायला बसलं की उमेदवार रांग लावतात. ७५३, ८३९, ८६०, ८८२, ९८८, ११४७, १४८०, १५४७, १७२१. यातलं कोणतं साल नक्की कशाची सुरुवात? आणि 'रुस' (त्या काळचे कीव्ह-नोव्हगोरोदकडचे लोक आणि त्यांचं राज्य) म्हणजेच रशिया असं बिनदिक्कत लिहावं का?

माझं मत आधीच सांगतो. ८६२ ठेवावं, पुढे कंसात 'परंपरेनुसार' लिहावं आणि पुढच्या ओळीला लागावं. पटत नसेल तर फोडा.

उगाच_विचारलं
पहिली जागा पकडून ठेवतो. या विषयावर पन्नासाच्या आत धागा आटपला तर पेढे माझ्याकडून.

मोडीवाचक
'परंपरेनुसार' लिहून सुटका होत नाही, कारण ही परंपरा तिच्याच आकड्यांत अडकते. नीट पाहू.

इतिवृत्तात ८६२ हा आकडाच नाही. तिथे ६३७० आहे, सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलेलं वर्ष. त्यातून ५५०८ वजा केले की ८६२ येतात. पण वर्ष कधी सुरू होतं? बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक साम्राज्याचं, वर्ष १ सप्टेंबरला बदलतं, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९ वजा करायचे. रुसमध्ये वर्ष मार्चपासून धरत, तिथे जानेवारी-फेब्रुवारीसाठी ५५०७. शिवाय मार्चचीच आणखी एक पद्धत होती, तिच्यात वर्ष एक आकडा पुढे धावतं. म्हणजे एकट्या ६३७० चे पद्धतीप्रमाणे ८६१ ते ८६३ होतात. इथवर ठीक, एखाद्या वर्षाने कुणाचं घोडं मरत नाही.

खरी गोची पुढे आहे. इतिवृत्त म्हणतं की रुरिकच्या पदरचे दोघे, आस्कोल्द आणि दिर, त्याची परवानगी काढून दक्षिणेला निघाले, वाटेत कीव्हला थांबले आणि ६३७४ मध्ये, म्हणजे ८६६ ला, त्यांनी कॉन्स्टँटिनोपलवर चाल केली. या स्वारीची पक्की तारीख एका छोट्या बायझंटाइन इतिवृत्तात आहे: १८ जून ८६०. तिथला धर्मप्रमुख फोटिओस याची त्या वेढ्यावरची प्रवचनंही शिल्लक आहेत. आता जोडा. रुरिक आला ८६२ ला, आणि त्याची माणसं त्याच्याकडून निघून लढून आली ८६० ला!

चूक कशी शिरली तेही दिसतं. संकलकाकडे ग्रीक इतिवृत्ताचं भाषांतर होतं. त्यात 'मिखाइल बादशहाच्या काळात रुस आले' एवढंच होतं. त्याने मिखाइलचं राज्यारोहण ६३६० ला, म्हणजे ८५२ ला धरलं (खरं ८४२) आणि तिथून पुढे अंदाजाने सालं वाटली. ८६२ हा त्याच वाटपातला एक वाटा.

कालरेषा
@मोडीवाचक, हे ८६० आणि ८६२ शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. मग निदान 'सुमारे ८६०' लिहावं का?

मोडीवाचक
तेही नको. नोव्हगोरोदच्या पहिल्या इतिवृत्तात हीच सगळी हकिगत ६३६२, म्हणजे ८५४ खाली आहे. त्यात आस्कोल्द-दिर यांचा रुरिकशी संबंधच नाही. 'सुमारे' लावलं की वाचकाला वाटतं, कुणीतरी मोजून सांगतंय.

शब्दखोर
त्यात आणखी एक गंमत घाला. रुरिक बसला कुठे? सगळ्यांत जुनी तारीखवार प्रत म्हणजे लाव्रेन्ती नावाच्या भिक्षूने १३७७ मध्ये केलेली नक्कल. तिच्यात वाक्य असं येतं: 'आणि आले, थोरला रुरिक', आणि पुढे एकदम 'दुसरा सिनेउस बेलोओझेरोला, तिसरा त्रुवोर इझ्बोर्स्कला'. धाकट्यांना गावं मिळाली, थोरल्याच्या गावाचं नावच गळालं! छापील आवृत्त्यांत तिथे 'नोव्हगोरोदला बसला' असं चौकटी कंसात भरलेलं असतं, ते दुसऱ्या पोथीवरून. इपात्येव मठातल्या पंधराव्या शतकातल्या पोथीत आणि राद्झिविल पोथीत मात्र पाठ वेगळा: 'लादोगा गाव बांधलं आणि लादोगात बसला'.

मूळ संकलन १११० च्या दशकातलं, कीव्हमधलं. म्हणजे घटना आणि लेखन यांत अडीचशे वर्षं, लेखन आणि हाती असलेली प्रत यांत पुन्हा अडीचशे. बखर वाचतो तसं वाचायचं. टाकून द्यायचं नाही, शपथेवरही घ्यायचं नाही.

फावडं_आणि_कुंचला
लादोगा की नोव्हगोरोद, यावर जमिनीखालचा निकाल बराच स्पष्ट आहे.

स्ताराया लादोगा वोल्खोव नदीच्या काठी आहे. तिथल्या सगळ्यांत जुन्या लाकडी बांधकामाच्या ओंडक्यांतल्या वाढीच्या कड्या मोजल्या की झाड तोडल्याचं साल ७५३ च्या सुमाराचं येतं. त्याच थरात लोहाराची कार्यशाळा आहे, अवजारांचा संच स्कँडिनेव्हियन धाटणीचा. म्हणजे रुरिकच्या शंभरेक वर्षं आधीपासून ती मंडळी तिथे ठोकाठोकी करत होती.

नोव्हगोरोदचं उलट आहे. तिथली माती ओली आणि हवाबंद, लाकूड कुजत नाही, म्हणून रस्त्यावर अंथरलेले ओंडके एकावर एक थरांत सापडतात. नेरेव्स्की भागातला सर्वांत खालचा रस्ता ९५३ चा. त्याखाली शहर नाही. मग नवव्या शतकात काय होतं? दक्षिणेला दोनेक किलोमीटरवर टेकाडावर तटबंदीची वस्ती होती, तिला आज रुरिकचं गोरोदिश्चे म्हणतात. तिथले थर नवव्या शतकातले आहेत आणि स्कँडिनेव्हियन वस्तू भरपूर आहेत. 'नोव्ही गोरोद' म्हणजे नवं गाव. ते कोणत्या जुन्या गावाच्या मानाने नवं, याचं उत्तर बहुतेक हेच टेकाड.

नेहमीची चूक अशी होते की ७५३ ला 'लादोगाची स्थापना' म्हणतात आणि तिथून थेट 'राज्याची स्थापना' वर उडी मारतात. ओंडका सांगतो झाड कधी तोडलं. कर कोण गोळा करत होतं, ते ओंडका सांगत नाही.

वोल्गाकाठ
शेवटच्या ओळीला दंडवत.

वोल्गाकाठ
मूळ वादाकडे येतो. वर सगळे सहज 'स्कँडिनेव्हियन' म्हणून मोकळे होताहेत. यावर पावणेतीनशे वर्षं भांडण चाललंय. १७४९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गेरहार्ड फ्रीडरिश म्युलर यांनी 'रशियन लोकांचा आणि नावाचा उगम' यावर भाषण तयार केलं. वर्याग स्कँडिनेव्हियाचे आणि रुस हे नाव त्यांच्याकडून आलं, असा त्याचा रोख. आधी बायर यांनी हेच मांडलं होतं. बायर यांना रशियन येत नव्हतं. रशियन पंडित लोमोनोसोव विरोधात उभे राहिले. चौकशी समिती बसली, काही महिने खडाजंगी झाली, भाषणाच्या छापील प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला आणि म्युलरची पदावनती झाली. स्वीडनशी युद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, तेव्हा राग कशाचा होता हे उघड आहे. पण लोमोनोसोवांचा एक प्रश्न अजून टोचतो. वर्याग जर एवढे होते तर रशियन भाषेत त्यांचे शब्द इतके कमी का?

अरबी बाजूही घ्या. नवव्या शतकात इब्न खुर्दाज्बिह रुस व्यापाऱ्यांना 'सकालिबांचा एक प्रकार' म्हणतो, सकालिबा म्हणजे स्लाव. ते बीव्हर आणि काळ्या कोल्ह्याची कातडी आणि तलवारी विकायला आणतात, असं लिहितो. बगदादमध्ये त्यांच्यासाठी दुभाषे कोण? स्लाव खोजे.

शब्दखोर
इब्न खुर्दाज्बिहचं वाक्य खरंच अवघड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तोच अरबी वळसा पुढे इब्न रुस्ताकडे न्या. तो लिहितो की रुस होड्यांतून येऊन सकालिबांवर छापे घालतात आणि माणसं पकडून विकतात. म्हणजे तिथे दोघे वेगळे. शिवाय 'सकालिबा' हा शब्द उत्तरेकडच्या गोऱ्या लोकांना सैलपणे लावत.

भाषेचा पुरावा मात्र सैल नाही. ९५० च्या सुमारास बादशहा कॉन्स्टंटाइन पोर्फिरोजेनितोस याने मुलासाठी राज्यकारभाराची टिपणं केली. त्यात नीपर नदीतले सात खळाळ दिलेत, बहुतेकांची दोन-दोन नावं: रुस भाषेत आणि स्लाव भाषेत. दुसरा खळाळ घ्या. रुस नाव 'उल्वोर्सी', स्लाव नाव 'ओस्त्रोवुनिप्राख', अर्थ बेटाचा खळाळ. स्लाव नावात 'ओस्त्रोव' म्हणजे बेट, 'प्राख' म्हणजे खळाळ. रुस नावात जुन्या नॉर्सचं (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेचं) 'होल्म' म्हणजे बेट आणि 'फोर्स' म्हणजे खळाळ. पाचवा: 'वारुफोरोस' आणि 'वुल्निप्राख'. 'बारा' म्हणजे लाट, पुन्हा 'फोर्स'; स्लावमध्ये 'वोल्ना' म्हणजे लाट. चौथा 'आइफोर'. हेच नाव गॉटलंड बेटावरच्या पिल्गोर्ड्स रूनशिळेवर (रून ही जुनी स्कँडिनेव्हियन लिपी) 'आइफुर' असं कोरलेलं आहे. इतक्या दूरच्या बेटावर नीपरमधल्या एका खळाळाचं नाव!

हे सगळे खळाळ १९३२ मध्ये नीपरवरच्या धरणाखाली बुडाले, त्यामुळे आता जाऊन बघता येत नाहीत.

नाणेवेडी
माझ्या मते वाद मिटवायला एक कागद पुरतो, आणि तो दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धाच आवडतो. ग्रीकांशी झालेला ९११ चा तह. सुरुवात 'आम्ही रुस वंशाचे' अशी, मग वकिलांची नावं: कार्ल, इनेगेल्द, फार्लोफ, वेर्मुद, रुलाव, रुआल्द, स्तेमिद. एकही स्लाव नाव नाही त्यात. पण शपथ घेतात कुणाची? त्याआधीच्या ९०७ च्या कराराच्या वर्णनात पेरुन आणि वोलोस या स्लाव देवांची. स्कँडिनेव्हियन ओदिन-थोर गायब. ९४४ च्या तहात स्व्यातोस्लाव, प्रेद्स्लावा, वोलोदिस्लाव अशी स्लाव नावं डोकावू लागतात. हेल्गीचा ओलेग झाला, हेल्गाची ओल्गा, इंग्वारचा ईगोर, आणि ईगोरच्या मुलाचं नाव स्व्यातोस्लाव. पन्नास-साठ वर्षांत पाणी मुरलं.

म्हणून @वोल्गाकाठ, शब्द कमी राहिले याचं उत्तर हेच. मूठभर लोक, आले ते कातडी, गुलाम आणि चांदीसाठी, बायका इथल्या केल्या आणि मुलं आईच्या भाषेत वाढली.

चांदीचं म्हणाल तर अख्खं प्रकरण दिरहमांवर, म्हणजे अरबी चांदीच्या नाण्यांवर, चालतं. पीटरहोफजवळ सापडलेल्या ठेव्यातलं सगळ्यांत नवं नाणं ८०४-०५ चं. त्या नाण्यांवर खरवडलेल्या खुणा कोणत्या लिपीत? रून, ग्रीक, तुर्की आणि अरबी. एका थैलीत चार लिप्या! ही थैली 'कुणाच्या राष्ट्राची' विचारणाऱ्याला माझा नमस्कार.

उगाच_विचारलं
तेव्हाही मोड मागायला चार भाषा लागत होत्या तर.

वोल्गाकाठ
@नाणेवेडी, पटण्यासारखं आहे, पण 'रुस' हा शब्द तरी दक्षिणेचा असू शकतो ना? कीव्हच्या दक्षिणेला रोस नदी आहे, ग्रीकही 'रोस' म्हणतात.

शब्दखोर
त्या नदीवर बरेच जण घसरतात. आजचं 'रोस' बघून चालत नाही. जुनं रूप 'र्‍स', मधे अतिऱ्हस्व स्वर. तो पुढे 'ओ' झाला. त्यातून 'रुस' मधला दीर्घ 'उ' निघत नाही. ग्रीकांचा 'रोस' तर बायबलच्या ग्रीक भाषांतरातल्या, यहेज्केलच्या 'रोस' कडे झुकलेला आहे. उत्तरेच्या रानटी टोळ्या म्हटलं की त्यांना तेच आठवे.

उत्तरेची वाट जास्त सरळ आहे. फिन लोक आजही स्वीडनला 'रुओत्सी' म्हणतात, एस्टोनियन 'रोत्सी'. फिनिशचा 'उओ' स्लावमध्ये 'उ' होतो याचं दुसरं उदाहरणही आहे: 'सुओमी' चं इतिवृत्तात 'सुम'. आणि व्याकरण बघा. रुस, सुम, याम, वेस, चुद ही सगळी एकवचनी स्त्रीलिंगी समूहनामं, सगळी उत्तरेकडच्या परक्या लोकांची. स्लाव टोळ्यांची नावं अशी नाहीत, ती पोल्याने, द्रेव्ल्याने, क्रिविची अशी अनेकवचनी. 'रुस' उत्तरेच्या पंगतीत बसलेलं आहे.

फक्त हे नावाचं झालं. 'फ्रान्स' हे नाव जर्मानिक फ्रँकांचं म्हणून फ्रेंच जर्मन होत नाहीत.

फावडं_आणि_कुंचला
अवांतर: सिनेउस आणि त्रुवोर म्हणजे 'सिने हुस' (आपलं घर) आणि 'थ्रु वारिंग' (इमानी सैन्य) यांचं चुकीचं भाषांतर, असं जालावर ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. भावांऐवजी 'घर आणि फौज घेऊन आला'. ऐकायला छान, पण जुन्या नॉर्सच्या व्याकरणात ते बसत नाही. कालरेषेत घालू नका.

ताम्रपट
रुरिकच्या वंशावळीवर कुणीच बोट ठेवलं नाही? साधी वजाबाकी करा. इतिवृत्तानुसार रुरिक ८७९ ला मेला तेव्हा ईगोर तान्हा. ९०३ ला त्याचं ओल्गाशी लग्न. ९४२ ला मुलगा स्व्यातोस्लाव जन्मला. म्हणजे बाप त्रेसष्टच्या पुढचा. आई लग्नाच्या वेळी दहाची धरली तरी बाळंतपणात एकोणपन्नासची, आणि तोपर्यंत त्यांच्या दुसऱ्या मुलाचा उल्लेख नाही. मधली एखादी पिढी गळाली असेल किंवा ईगोरला रुरिकला ओढून चिकटवलं असेल. अकराव्या शतकाच्या चाळीसच्या दशकातला कीव्हचा धर्मगुरू इलारिओन ९८८ ला बाप्तिस्मा घेतलेल्या राजा व्लादिमीरची स्तुती करताना 'जुन्या ईगोरचा नातू, स्व्यातोस्लावचा मुलगा' म्हणतो आणि तिथेच थांबतो. रुरिक नाही. त्याच प्रवचनात व्लादिमीरला 'कगान' म्हणतो, ही शेजारच्या खझार राज्याची तुर्की पदवी.

ओलेगचंही तेच. नोव्हगोरोदच्या इतिवृत्तात तो ईगोरचा सेनापती. कीव्हच्या संकलकाला मधल्या काळात ९११ च्या तहाची नक्कल मिळाली, तिच्यात ओलेग हा स्वतंत्र महाराजा. मग सेनापतीला बढती देऊन रुरिकचा नातलग केलं. पोथ्यांचे अभ्यासक शाख्मातोव यांनी त्यांचे थर सोलून हे दाखवलं.

उगाच_विचारलं
कगान म्हणजे तुर्क, नावं स्वीडिश, देव स्लाव, धर्म ग्रीक, चांदी अरबी. आता फक्त कोकणी राहिले.

नाणेवेडी
@ताम्रपट, कगानला जोडून ८३९ सांगायलाच हवं. फ्रँक राजा धार्मिक लुई याच्याकडे इंगेलहाइमला बायझंटाइन वकील आले, सोबत काही माणसं. ती स्वतःला 'र्‍होस' म्हणवत आणि त्यांच्या राजाची पदवी 'खाकानुस'. लुईने चौकशी केली तर ते 'स्वेओन', म्हणजे स्वीड निघाले. हेर असतील म्हणून अडकवून ठेवलं. ही नोंद सेंट बेर्तँच्या वार्षिकांत त्याच काळात झालेली आहे. रुस हे नाव, राजा, परराष्ट्र संबंध, तिन्ही एका तारखेला आणि लिहिणारा समकालीन. मला विचाराल तर पहिला खिळा इथे.

वोल्गाकाठ
राजा होता, पण कुठला? लादोगा, गोरोदिश्चे की आणखी कुठला, ते त्या नोंदीत नाही. गाव नसलेलं राज्य भिंतीवर कुठे टांगणार?

पणजीचा_पेद्रू
कोकणी राहिले नाहीत! चौलला घोडा घेऊन आलेला अफनासी निकितिन विसरलात काय? १४७० च्या आसपास होर्मुझहून चौल, मग पाली, जुन्नर, बिदर. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो म्हणाला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. कालरेषेत रशियन म्हणून त्याला घालाल ना?

शब्दखोर
@पेद्रू, अवांतर म्हणून टाकलंत पण मुद्द्यावर नेमकं बसलं. निकितिन त्वेरचा. त्वेर तेव्हा मॉस्कोच्या ताब्यात नव्हतं, ते १४८५ ला गेलं. निघताना त्याच्याजवळ त्वेरच्या महाराजाची पत्रं होती. आणि त्याच्या वृत्तांतात एक प्रार्थना आहे, स्लाव अक्षरांत पण तुर्की भाषेत लिहिलेली. वाचणाऱ्याने सहज वाचू नये म्हणूनच ती तशी असावी. मतितार्थ असा: रुस भूमी देवाने राखावी, जगात तिच्यासारखी दुसरी नाही, जरी तिथले सरदार न्यायी नसले तरी. 'मॉस्को' नाही, 'त्वेर' नाही, 'रुस भूमी'. राज्यं अनेक आणि भूमी एक, अशी ती भावना. तिला आजच्या कोणत्याही पासपोर्टात बसवता येत नाही.

ताम्रपट
सहमत, पण 'रुस भूमी' चा आकारही स्थिर नव्हता. बाराव्या शतकात नोव्हगोरोदचा बिशप कीव्हकडे निघाला की तिथलं इतिवृत्त लिहितं 'रुसला गेला'. म्हणजे तेव्हा नोव्हगोरोद स्वतः अरुंद अर्थाने रुसमध्ये नाही! अरुंद अर्थ फक्त कीव्ह, चेर्निगोव आणि पेरेयास्लाव्हल. 'कीव्हची रुस' हे नाव तर एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी पाडलेलं, त्या काळी कुणी तसं म्हणत नव्हतं.

@कालरेषा, 'रुस म्हणजेच रशिया लिहू का' चं उत्तर: लिहू नका. 'रोसिया' हे 'रुस' चं ग्रीक वळणाचं रूप, पंधराव्या शतकाच्या शेवटापासून मॉस्कोत रुळलं, १७२१ ला पीटरच्या साम्राज्याचं अधिकृत नाव झालं. रशियनमध्ये आजही दोन विशेषणं आहेत: 'रूस्की' म्हणजे भाषा-वंशाने, 'रोसीस्की' म्हणजे राज्याने. मराठीत दोन्हींना 'रशियन' म्हटलं की निम्मा वाद भाषांतरातच गडप होतो.

युक्रेनी_सूर्यफूल
इतक्या वेळ शांतपणे वाचत होते. कीव्हमधल्या राज्याचा वारसा मॉस्कोकडे गेला हे इथे सगळ्यांनी गृहीत धरलेलं दिसतं. १९०४ मध्ये युक्रेनी इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की यांनी नेमकं हेच गृहीतक उलटलं. कीव्हनंतर व्लादिमीर (हे उत्तरेकडचं गाव), मग मॉस्को ही शिडी मॉस्कोच्या दरबारी वंशावळीतून आली आणि इतिहासकारांनी जशीच्या तशी उचलली. त्यांच्या मते कीव्हनंतर तेराव्या शतकात गालिच-वोलिन (आजच्या पश्चिम युक्रेनकडचं राज्य), मग लिथुएनिया आणि पोलंडचा काळ, ही सलग रेषा. उत्तरेकडच्या व्लादिमीर-मॉस्कोचं कीव्हशी नातं रोमशी गॉल प्रांताचं होतं तसं.

११६९ ला कीव्ह लुटलं ते अंद्रेई बोगोल्युब्स्कीच्या फौजेने, आणि तो व्लादिमीरहून राज्य करत होता. लुटून तो कीव्हला बसायला आला नाही, तिथे धाकट्या भावाला बसवलं. वारसदार असं वागतो?

वोल्गाकाठ
राजघराणं तेच, @सूर्यफूल. धर्मपीठही गेलं: महानगर-धर्मगुरू १२९९ ला कीव्ह सोडून व्लादिमीरला आला आणि पुढे मॉस्कोला. इतिवृत्त तर उत्तरेतच नकलून जगलं. लाव्रेन्तीची प्रत सुझ्दाल-निझ्नी नोव्हगोरोदच्या राजासाठी केलेली. वारसा म्हणजे जमीनच का?

युक्रेनी_सूर्यफूल
इपात्येव पोथी बघा. तिच्यात कीव्हच्या पुढे गालिच-वोलिनचं इतिवृत्त जोडलेलं आहे, १२५३ ला दानिलोला पोपकडून आलेल्या मुकुटापर्यंत आणि त्याच्याही पुढे. म्हणजे पोथ्यासुद्धा दोन दिशांना वारसा सांगतात. दरबारी वंशावळीचं म्हणाल तर सोळाव्या शतकात मॉस्कोने रुरिकला रोमच्या ऑगस्टसचा भाऊ प्रुस याचा वंशज ठरवलं आणि इवान चौथा ते गंभीरपणे सांगत असे. म्हणजे म्युलरला परकं मूळ म्हणून झोडपलं, पण इवानला परकं मूळच हवं होतं, फक्त ते रोमन असावं.

पोलोत्स्कचा_पाहुणा
बेलारूसला कुणी विचारतंय का? पोलोत्स्कला स्वतंत्र घराणं होतं. लिथुएनियाच्या महाराज्याचे १५२९, १५६६ आणि १५८८ चे कायदेग्रंथ रुथेनियन (बेलारूसी-युक्रेनीच्या पूर्वज) भाषेत आहेत. आणि नोव्हगोरोद? तिथली जनसभा, तिची घंटा १४७८ ला इवान तिसऱ्याने उतरवून मॉस्कोला नेली. 'रशियन राज्याचा पाळणा' म्हणून ज्या गावात स्मारक, त्याचं स्वातंत्र्य मॉस्कोने संपवलं.

फावडं_आणि_कुंचला
त्या स्मारकावर इवान चौथा नाही, हे लक्षात घ्या. १५७० ची नोव्हगोरोदची कत्तल गाव विसरलेलं नव्हतं.

आणि रुरिकच्या ढालीवर स्लाव अंकांत साल आहे. अक्षरं तीन: ६०००, ३०० आणि ७० ची. पहिलं अक्षर आजच्या डोळ्याला साधं 'स' वाटतं, मग 'त', 'ओ', आणि वाचणारा वाचतो 'स्तो', म्हणजे शंभर. रुरिक शंभरावं काय मिरवतोय, हा प्रश्न पडला तर उत्तर हे.

डीएनए_दादा
आनुवंशिकी कुणी आणली नाही म्हणून आणतो. रुरिक घराण्यातल्या म्हणवणाऱ्या बहुतेक आजच्या पुरुषांचा आणि तेराव्या शतकातला राजा अलेक्झांडर नेव्स्की याचा मुलगा द्मित्री याच्या हाडांचा पितृवंश एन-वन-ए या गटात येतो. संपला वाद?

ताम्रपट
सुरूही झाला नाही. हा गट बाल्टिकच्या दोन्ही काठांवर आहे, फिनमध्येही आणि स्वीडनमध्येही. बापाकडचा एकच धागा दिसतो, आई-आज्या सगळ्या अदृश्य. काही शाखांत दुसराच गट निघतो, म्हणजे वंशावळीत कुठेतरी शेजाऱ्याचा हातभार. आणि एका कुटुंबाच्या गुणसूत्रावरून राज्याचं मूळ कसं काढणार? इंग्लंडचं राजघराणं मूळचं जर्मन म्हणून इंग्लंड हानोव्हरमध्ये स्थापन झालं नाही.

सांजवारा
हे सगळं आज इतकं का पेटतं ते दोन तारखांत दिसतं. व्लादिमीरच्या बाप्तिस्म्याचा स्मृतिदिन म्हणून २८ जुलै रशियात २०१० पासून पाळतात. युक्रेनने २०२१ मध्ये 'युक्रेनी राज्यत्व दिन' घोषित केला, २०२२ ला पहिल्यांदा पाळला, तोही २८ जुलैलाच. पुढे चर्चच्या दिनदर्शिकेबरोबर १५ जुलैला हलवला. एकच माणूस, एकच दिवस. कीव्हमध्ये व्लादिमीरचा पुतळा १८५३ चा, मॉस्कोतला नोव्हेंबर २०१६ चा. व्लादिमीरच्या चांदीच्या नाण्यांवर 'व्लादिमीर गादीवर, आणि ही त्याची चांदी' असा मजकूर आणि त्रिशूळासारखी खूण. ती युक्रेनने १९१८ आणि पुन्हा १९९२ ला राजचिन्ह केली. पुतिन यांनी जुलै २०२१ च्या लेखात रशियन-युक्रेनी एकच लोक असल्याचं मांडलं, तेही याच रुसचा आधार घेऊन.

कालरेषा
पेढ्यांचं काय ते @उगाच_विचारलं पाहतील. वरचं सगळं धरून मसुदा बदलला. प्रत्येक सालापुढे ते कशाचं आहे, तेवढंच ठेवलंय:

सुमारे ७५३, लादोगातली सर्वांत जुनी लाकडी बांधकामं. ८३९, 'र्‍होस' नावाची पहिली समकालीन नोंद. १८ जून ८६०, कॉन्स्टँटिनोपलवर स्वारी. ८६२, इतिवृत्ताने रुरिकला दिलेलं साल. समकालीन आधार नाही. ९११, ओलेगचा तह. ९८८, व्लादिमीरचा बाप्तिस्मा. ११४७, मॉस्कोचा पहिला उल्लेख. १४९४, लिथुएनियाने इवान तिसऱ्याची 'सर्व रुसचा स्वामी' ही पदवी तहात मान्य केली. १५४७, त्सार. १७२१, साम्राज्य.

१०५४ पर्यंत 'रुस', त्यापुढे संस्थानाचं नाव, १५४७ पासून 'मॉस्कोचं त्सारराज्य', १७२१ पासून 'रशिया'. ८८२ वगळलं.

नाणेवेडी
८८२ का वगळलं? ओलेगने कीव्ह घेतलं आणि उत्तर-दक्षिण एक झालं. साल ढिलं असेल, घटना नाही. ९११ चा तह एकट्या लादोगाच्या राजाने केलेला नाही.

कालरेषा
बरोबर. '९११ पूर्वी, इतिवृत्तात ८८२' असं घालतो. तिथेच 'रुसच्या नगरांची माता' हे कीव्हबद्दलचं वाक्यही टाकू?

शब्दखोर
टाका, पण टीप हवी. 'कीव्ह' पुल्लिंगी आहे, त्याला माता म्हणणं तिथल्या कानालाही खटकतं. ते ग्रीक 'मेत्रोपोलिस', मातृ-नगरी, याचं शब्दशः भाषांतर. ओलेगच्या तोंडी घातलेलं वाक्य दोनशे वर्षांनंतरच्या भिक्षूचं ग्रीक आहे.

मोडीवाचक
आणि १०५४ ला 'रुस' तोडू नका. यारोस्लाव मेला म्हणून शब्द मेला नाही. निकितिन १४७० लाही तोच वापरतोय.